गोल ओरखडे



गेले काही महिने आपल्या समूहातल्या बडोद्याच्या आठवणी मी रोज सकाळी चहाबरोबर वाचतो. कोणी दांडिया बाजारातल्या वाड्यावर लिहिलं, कोणी पणजोबा सयाजीरावांच्या काळात कोकणातून कसे आले ते लिहिलं. मी पण लिहीन लिहीन म्हणत होतो. पण माझ्याजवळ जी आठवण आहे ती गाडी धुण्याची आहे. हसू नका. यात माझी एक चूक आहे. सोसायटीत ती सांगून झाली, आपल्या माणसांत सांगायची राहिली आहे.

सुरुवात वडिलांपासून करतो. ते कचेरीत कारकून होते आणि त्यांच्याकडे एक काळी सायकल होती. रोज सकाळी अंघोळीच्या आधी ते ओट्यावर बसून सायकल पुसत. कोरडं फडकं, वर खोबरेल तेलाचे दोन थेंब. फडकं नेहमी सरळ रेषेत फिरवायचं, वरून खाली. "गोल गोल पुसतो तो आळशी," असं त्यांचं म्हणणं. मी पुढे १९७१ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झालो, १९७२ ला बँकेत लागलो, काही वर्षांनी स्कूटर घेतली. ती सुद्धा तशीच पुसायचो. त्या काळात लोक स्कूटरला चमक यावी म्हणून फडक्यावर रॉकेल घ्यायचे, मी पण घेतलंय. वास दुपारपर्यंत हाताला राहायचा.

१९८८ साली बँकेचं कर्ज काढून मारुती ८०० घेतली. पांढरी. आमच्या नातेवाइकांत पहिली चारचाकी. घरी आणली त्या दिवशी आईने हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि म्हणाली, "आता ही रोज पुसायची हां." सांगायची गरज नव्हती. सकाळी सहाला पिवळं फडकं घेऊन मी गाडीपाशी उभा. धुणं रविवारी, पुसणं रोज. त्यानंतर २००४ ला दुसरी घेतली, ती पण पांढरी. अठ्ठावीस वर्षं दोन पांढऱ्या गाड्या मी कोरड्या फडक्याने पुसल्या आणि कधीही एक चरा मला दिसला नाही. माझ्या मनात पक्कं बसलं होतं की गाडी सांभाळावी तर आपण.

२०१६ ला मुलाच्या आग्रहाने नवी गाडी घेतली. रंग गडद निळा, जवळजवळ काळाच. "बाबा, सगळ्या पांढऱ्या गाड्यांत आपली ओळखू येत नाही," असं तो म्हणायचा. रंग खरंच सुरेख होता. संध्याकाळी बॉनेटमध्ये समोरचा आसोपालव दिसायचा.

त्याच सुमारास आमच्या सोसायटीत गाड्या धुवायला एक मुलगा यायला लागला. दाहोदकडचा, वय बावीस-तेवीस. त्याचं नाव इथे लिहीत नाही. अकरा गाड्या धुवायचा, गाडीमागे महिना ३५० रुपये. माझे गुडघे तेव्हा कुरकुरायला लागले होते, म्हणून धुण्याचं काम मी त्याला दिलं. पुसण्याचं मात्र दिलं नाही. ते माझ्याकडेच.

एकदा सकाळी मी पुसत असताना तो बादली घेऊन थांबला आणि म्हणाला, "काका, सूका कपडाथी ना लूछो, घसरका पडे." म्हणजे कोरड्या कपड्याने पुसू नका, ओरखडे पडतात. मी म्हटलं, "अरे, तुझ्या जन्माच्या आधीपासून पुसतोय." तो हसला आणि पुढच्या गाडीकडे गेला. ही गोष्ट मी पुढे सोयीस्करपणे विसरलो.

ऑक्टोबर २०१७. दिवाळीच्या आधीचा आठवडा. सकाळचं ऊन तिरपं गाडीवर पडलं होतं आणि मला बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल गोल ओरखडे दिसले. सूर्याचं प्रतिबिंब मध्ये आणि त्याच्या भोवती वर्तुळंच वर्तुळं. दारांवर पण तसेच. माझा जीव खाली गेला. एक वर्ष झालेली गाडी!

मी लगेच हिशोब मांडला. ओरखडे गोल आहेत. मी सरळ पुसतो. तो मुलगा स्पंज गोल फिरवतो, हे मी रोज पाहिलं होतं. म्हणजे काम त्याचंच. बँकेत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला पुरावा इतका स्वच्छ वाटला की त्याला एक शब्द विचारावासा वाटला नाही. आमची ही म्हणाली, "अहो, तुम्ही पण पुसताच की रोज." मी म्हटलं, "मी सरळ पुसतो." विषय संपला.

मी तेव्हा सोसायटीचा खजिनदार होतो. कमिटीच्या बैठकीत मुद्दा मांडला. बाकीच्यांनी आपापल्या गाड्या पाहिल्या, दोघा-तिघांना आपल्या गाडीवर पण ओरखडे दिसले. एकदा शोधायला लागलं की दिसतातच. ठराव झाला, त्या मुलाला बंद करायचं. मी गेटवर जाऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, मी पाण्याशिवाय हात लावत नाही." मी ऐकून घेतलं नाही. त्या महिन्याचे साडेतीनशे पण दिले नाहीत, नुकसानीपोटी ठेवून घेतले. दिवाळीची बोणी गेली ती वेगळीच. तो बादली घेऊन गेला. मान खाली घालून गेला असं मी लिहिलं असतं तर गोष्टीला बरं दिसलं असतं, पण तो माझ्याकडे सरळ बघून गेला.

मग उत्तरायण आली. बडोद्याच्या माणसाला सांगायला नको, १४ आणि १५ जानेवारीला सगळं गाव गच्चीवर असतं आणि तुटलेली दोरी आठवडाभर झाडांवर, तारांवर लोंबत राहते. काच लावलेला मांजा माझ्या गाडीच्या टपावर अडकला आणि कोणीतरी गच्चीतून ओढला. टपाच्या कडेला वीतभर लांब चरा. मी गाडी घेऊन एका जुन्या रंगाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. साठीच्या पुढचे गृहस्थ, गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड.

त्यांनी मांजाचा चरा पाहिला, मग हातात लांब वायरचा बल्ब घेतला आणि बॉनेटवर धरला. जाळं लगेच दिसलं. मी तक्रारीच्या सुरात म्हटलं, "हे बघा, गाडी धुणाऱ्याने गोल गोल घासून काय करून ठेवलंय." मिस्त्री म्हणाले, "साहेब, आ गोळ नथी. लाइट गोळ छे."

मला कळलं नाही. त्यांनी बल्ब हळूच डावीकडे सरकवला. वर्तुळं बल्बाबरोबर डावीकडे सरकली. उजवीकडे नेला, वर्तुळं उजवीकडे. ओरखडे जर खरंच गोल असते तर ते जागचे हलले नसते. मिस्त्रींनी समजावलं ते असं. गाडीवर सगळ्या दिशांना बारीक सरळ रेघा असतात, हजारो. पण प्रकाशाला आडव्या असलेल्याच रेघा चमकतात, बाकीच्या दिसत नाहीत. म्हणून दिव्याभोवती वर्तुळं झाल्यासारखी वाटतात. गोल पुसा, सरळ पुसा, दिसणार गोलच.

माझा पुरावा तिथेच गेला.

मग ते म्हणाले, "कोरडं फडकं कोण मारतं?" मी गप्प. त्यांनी बल्ब टपावर नेला. टपाच्या कडेला, हातभर आतपर्यंत जाळं होतं. मधला भाग आरशासारखा स्वच्छ. मी पाच फूट तीन इंच उंचीचा माणूस आहे. माझा हात टपाच्या मध्यापर्यंत पोचत नाही, तिथे मी कधी पुसायचोच नाही. तो मुलगा मात्र टायरवर पाय देऊन सगळा टप धुवायचा. ओरखडे त्याचे असते तर मध्ये पण असायला हवे होते.

बँकेतली एक गोष्ट सांगतो. १९७६ ला मी पादऱ्याच्या शाखेत होतो. तेव्हा सगळं हातानं, मोठाल्या लेजरांत. महिन्याच्या शेवटी बचत खात्यांची बेरीज जुळेना. २७० रुपयांचा फरक. मी म्हटलं कॅशियरने गडबड केली असणार. आमचे हेड अकौंटंट म्हणाले, "आधी नऊने भागून बघ." २७० ला नऊने पूर्ण भाग जातो. फरकाला नऊने भाग गेला की बहुतेक आकड्यांची उलटापालट झालेली असते. अर्ध्या तासात सापडलं, मीच ४,८५० च्या जागी ४,५८० लिहिले होते. ते म्हणाले, "फरक निघाला की पहिली आपली वही तपासायची, मग दुसऱ्याची." हा नियम मी पुढे कितीतरी नव्या मुलांना शिकवला. स्वतःच्या गाडीपाशी आल्यावर विसरलो.

आता धुण्याबद्दल मिस्त्रींकडून आणि नंतर स्वतः करून जे कळलं ते लिहितो. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आजकालच्या गाडीचा रंग थरांत असतो. पत्र्यावर गंज न चढण्यासाठीचा थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन. वरचा क्लिअर कोट त्यातला चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षा पातळ. ओरखडे त्याच थरात असतात. रबिंग कंपाऊंड मारून चमक येते ती तो थर थोडा झिजवून येते. एकदा-दोनदा ठीक आहे, दर दिवाळीला नव्हे. माझ्या पहिल्या मारुतीला बहुधा असा वरचा थर नव्हताच. पॉलिश करताना फडक्यावर पांढरा रंग यायचा आणि मी समजायचो मळ निघाला! आणि पांढऱ्यावर असे बारीक ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून अठ्ठावीस वर्षं मी स्वतःला हुशार समजत होतो. ओरखडे तेव्हाही पडत होते.

ओरखडे पाडते ती धूळ. आपल्याकडे आठ महिने धूळ असते, रस्त्याची, बांधकामांची. त्यात वाळूचे बारीक कण असतात. कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे पॉलिशपेपर फिरवणं. तसंच धुळकट गाडीवर कव्हर घालणं. वाऱ्याने कव्हर हलतं आणि रात्रभर घासतं. मी हे पण करत होतो.

तर पद्धत अशी. गाडी सावलीत आणि गार असताना धुवायची, उन्हात साबण वाळतो आणि डाग पडतात. आधी नुसतं पाणी वरून सोडून धूळ वाहू द्यायची, हात लावायचा नाही. मग दोन बादल्या. एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून माती सोडवायची, मगच परत शॅम्पूत. शेवटी दुसऱ्या बादलीच्या तळाशी जी वाळू बसते ती एकदा बघाच. टपापासून खाली यायचं, दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी. चाकांचं फडकं आणि बादली वेगळी. कपड्यांची पावडर नको, ती वॅक्स काढून टाकते.

नंतर लगेच टिपायचं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, वाळलं की पांढरे ठिपके राहतात. मोठा मऊ टॉवेल अंगावर पसरून हलके ओढायचा, रगडायचं नाही. कबुतरांनी घाण केली असेल तर ओलं फडकं पाच मिनिटं त्यावर ठेवायचं, मऊ झाली की उचलायची. तशीच राहू दिली तर उन्हात ती रंगात खाते.

वॅक्स मी वर्षातून तीनदा लावतो. पावसाच्या आधी, दिवाळीनंतर आणि होळीच्या आधी. चांगल्या वॅक्समध्ये कार्नोबा असतं, ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. गाडी धुऊन, वाळवून, सावलीत एकेका भागावर अगदी पातळ थर द्यायचा. धुरकट झाला की स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून काढायचा. जाड लावून जास्त टिकत नाही, पुसताना हात दुखतो एवढंच. पाणी टाकल्यावर थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर वॅक्स आहे. पसरट झाले तर संपलं. वॅक्सने ओरखडे जात नाहीत, पण घाण चिकटत नाही आणि घासावं कमी लागतं.

हे सगळं धरून गाडी धुवायला तीन-चार बादल्या पाणी लागतं. पाइप सोडला तर याच्या कितीतरी पट जातं.

आता राहिलेलं.

मिस्त्रींकडून आलो त्या दिवशी जेवताना हिला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या मुलाचं काय?" मी म्हटलं, बघू. आणि दोन महिने काही केलं नाही. मुलगा आता कुठे सापडणार, त्याला दुसरं काम मिळालंच असेल, असं मनाशी म्हणत राहिलो. खरं कारण वेगळं होतं. शेजाऱ्यांसमोर कोणत्या तोंडाने बोलायचं? माझ्या शब्दावर त्यांनी हात वर केले होते. अकरा गाड्यांचे ३,८५० रुपये महिन्याचे, ते एका बैठकीत गेले.

एप्रिल २०१८ ला वार्षिक सभा होती. हिशोब वाचून झाल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं की ओरखडे माझ्या फडक्याचे होते, मुलाचा दोष नव्हता, हे मिनिट्समध्ये लिहून घ्या. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एक जण म्हणाले, "जवा दो ने काका, कोण पूछे छे?" मी म्हटलं, ठराव वहीत आहे, तर दुरुस्ती पण वहीतच हवी. चेअरमननी लिहून घेतलं.

मुलगा मात्र मिळेना. वॉचमन म्हणाला गावी गेला. मग २०२० चं लॉकडाऊन आलं. माझ्या टेबलाच्या खणात एका पाकिटावर मी 'देणे ३५०' लिहून ठेवलं होतं. बँकेत जसं सस्पेन्स खातं असतं, रक्कम आहे पण कोणाच्या खात्यात जमा झालेली नाही, तसं ते पाकीट पडून होतं. ही खण आवरताना दर वेळी ते हातात घेऊन परत जागेवर ठेवायची, बोलायची नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत जुन्या वॉचमनचा फोन आला की तो मुलगा वाघोडिया रोडच्या एका गाड्या धुण्याच्या ठिकाणी कामाला आहे. मी दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेलो. त्याने मला आधी ओळखलं. "आवो काका," म्हणाला. अंगाने भरला होता, मिशी आली होती. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने बॉनेट तिरप्या नजरेने पाहिलं आणि विचारलं, "हवे कोण लूछे छे?"

मी म्हटलं, "मीच. पण कोरड्याने नाही." आणि मग तिथेच, पाण्याच्या आवाजात, सगळं सांगितलं. बल्ब, वर्तुळं, टप. तू खरं बोलत होतास, मी तुझं ऐकलं नाही आणि पैसेही ठेवून घेतले, माझी चूक झाली. त्याने मशीन बंद केलं. म्हणाला, तेव्हा दोन महिने काम नव्हतं. सोसायटीतून काढलं म्हटल्यावर बाजूच्या सोसायटीत पण कोणी घेईना. फोन विकला. बायको गरोदर होती, तिला गावी पाठवावं लागलं. हे त्याने रागाने नाही सांगितलं, नुसतं सांगितलं. मला राग परवडला असता.

मी पाकीट पुढे केलं. त्यात मी पाच हजार घातले होते. त्याने उघडून पाहिलं, शंभराच्या तीन नोटा आणि एक पन्नासची काढून घेतली आणि बाकीचं माझ्या हातात परत ठेवलं. "मारा तो साडा त्रणसो ज हता, काका."

मी आग्रह केला. तो नको म्हणाला. परत सोसायटीत येशील का विचारलं, तर म्हणाला, "ना काका, इथे बरं आहे, पगार आहे." मग त्याने माझी गाडी धुतली. मी खुर्चीवर बसून बघत होतो. आधी पाणी, मग फेस, टपापासून खाली, चाकांचं कापड वेगळं. मिस्त्रींनी मला सांगितलं ते सगळं. धुण्याचे पैसे मी काउंटरवर भरले, पावती घेतली, घरी आलो.

हिने विचारलं, "घेतले का त्याने?" मी म्हटलं, "साडेतीनशे घेतले." ती म्हणाली, "बरं केलं." कोणी बरं केलं ते मी विचारलं नाही.

आता मी पंचाहत्तर वर्षांचा आहे. गाडी तीच आहे. मिस्त्रींनी एकदा हलकं पॉलिश करून दिलं, बरेचसे ओरखडे गेले, थोडे आहेत. रविवारी सकाळी मी आणि दोन बादल्या. टपाच्या मधल्या भागासाठी एक छोटं स्टूल घेतलंय, ही ते धरून उभी राहते आणि "सांभाळून हां" म्हणत राहते. पिवळी फडकी होती ती सगळी खिडक्यांच्या जाळ्या पुसायला दिली.

तुमच्याकडे गडद रंगाची गाडी असेल तर एकदा संध्याकाळी मोबाइलचा दिवा बॉनेटवर धरून बघा आणि दिवा हलवून बघा. कोणावर ओरडण्याआधी बघा.

इंदूर, बेळगाव, हैदराबादची मंडळी वाचत असतील तर तुमच्याकडच्या धुळीचं आणि पाण्याचं पण लिहा. चुकलंमाकलं असेल तर सांगा.